सासूबाईंचं लाईटबिल आणि माझा कॅशबॅक

मला फुकटचं काही मिळालं की मी दोन दिवस खुशीत असते. भाजीवालीने वरून चार काड्या कोथिंबीर टाकली तरी ती मी घरी येऊन सगळ्यांना दाखवते. तेव्हा बिल भरल्यावर बँक आपल्यालाच पैसे परत देते हे कळलं, त्या दिवशी माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. या कॅशबॅकच्या नादात मी सासूबाईंचा पोलादपूरचा दिवस हिरावून घेतला. महिन्यातला तेवढा एकच दिवस त्या आपल्या बहिणीला भेटत. मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण मला सगळं माहीत होतं. मी तिकडे लक्ष दिलं नाही, एवढंच.

आमचे हे दुबईला एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. तिथे त्यांनी एक खातं उघडलं. त्यात दिरहम, डॉलर आणि रुपये असे वेगवेगळे कप्पे आहेत. पगार दिरहमच्या कप्प्यात पडतो; भाव चढला की त्यातले थोडे रुपयांच्या कप्प्यात सरकवायचे आणि इकडची बिलं त्यातून भरायची. खातं त्यांचं, पण बिलं भरायचा अधिकार त्यांनी माझ्या मोबाइलला जोडून दिला. मी महाडच्या आमच्या दोन खोल्यांत शिवणाच्या मशीनपाशी बसून परकीय चलनाची उलाढाल करू लागले. भाकरी थापताना एक डोळा तव्यावर आणि एक दिरहमच्या भावावर. भाव दहा पैशांनी वर गेला की तो माझ्यामुळेच गेला असं मला वाटायचं.

बिलांवर पैसे परत मिळत होते, पण बँक म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. महिन्याला पाच वेगवेगळी बिलं भरली तर पाच टक्के परत, आणि चारच भरली तर एक टक्का. आमची बिलं झाली चार. घरचं लाईट, गॅस, माझा मोबाइल आणि टीव्हीची डिश. पाचव्यासाठी मी वणवण केली. माझा भाऊ बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात कामाला जातो. त्याला म्हटलं, तुझं मोबाइलचं बिल मी भरते, तू मला पैसे दे. तो म्हणाला, "ताई, तू कधीपासून गं एवढी उदार?" आणि दिलं नाही. शेजारच्या काकूंना विचारलं, तर मी नवी भिशी काढतेय असं त्यांना वाटलं आणि त्या महिनाभर मला टाळत राहिल्या. शेवटी सासूबाई सापडल्या.

सासूबाई पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या गावात एकट्या राहतात. महाडला या म्हटलं की येतात, चार दिवस राहतात आणि पाचव्या दिवशी कोंबड्यांची आठवण काढून परत जातात. घरात दोन बल्ब, एक पंखा, एक टीव्ही. बिल येऊन येऊन येणार किती, दोनशे-अडीचशे. बिलवाला माणूस ते दाराच्या कडीत अडकवून जायचा. मग बिलाच्या शेवटच्या तारखेला सासूबाई बरं पातळ नेसून, मिनीडोर रिक्षा पकडून पोलादपूरला उतरत आणि भरणा केंद्राच्या खिडकीवर रोख पैसे भरत. शेवटच्या तारखेलाच. आदल्या दिवशी त्या गावातच काय, पोलादपूरच्या स्टँडवर असत्या तरी भरलं नसतं.

त्याचं कारण त्यांची थोरली बहीण. तिला कशेडीच्या बाजूच्या गावात दिलेली. दोघींच्या गावांचे रस्ते वेगळे, ते येऊन मिळतात फक्त पोलादपूरला. मावशींना ऐकू अजिबात येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. त्या समोरच्याच्या तोंडाकडे आणि हातांकडे बघून समजून घेतात, म्हणून समोरासमोर बसल्याशिवाय बोलणं होत नाही. आता बहिणीला भेटायला जाते असं दर महिन्याला घरात सांगायचं म्हणजे दोघींनाही कसंनुसं व्हायचं. लाईटबिल भरायला जाते म्हटलं की कुणी कशाला म्हणून विचारत नाही. दोन्ही गावांची बिलं एकाच फेरीत निघायची आणि शेवटची तारीख एकच असायची. ती दर महिन्याला मागेपुढे व्हायची, पण बिलावर छापून यायची. दोघींनाही अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे तेवढे येतात. त्यांचं तेवढ्यावर भागत होतं. कोणी निरोप द्यायला नको, कोणाला विचारायला नको. बिल भरलं की हॉटेलात दोन चहा, एक भजीची प्लेट, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोघींचं काय ते.

हे सगळं मला लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरी मी सासूबाईंना फोन लावला आणि म्हटलं, "आई, तुमचं लाईटबिल आता मी इथूनच भरत जाईन. तुम्हाला उन्हातान्हाचं खाली उतरायला नको."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. मग म्हणाल्या, "बरं गो. तुला सोयीचं पडत असंल तर भर."

मी तो आनंदाने दिलेला होकार समजले. सासूची सेवाही होते आणि पाच टक्केही मिळतात, असा योग कुणाच्या पत्रिकेत असतो? पहिल्या महिन्याचा कॅशबॅक दीडशे रुपये आला. मी त्याचे लगेच डॉलर केले. पावणेदोन डॉलर झाले. ह्यांनी विचारलं, "डॉलर कशाला?" मी म्हटलं, "असू देत. आमच्या सात पिढ्यांत कुणाकडे नव्हते."

दुसऱ्या महिन्यात मी पाचवं बिल भरायला गेले तर मोबाइल म्हणतो, भरण्यासारखं काही नाही. उलट आकड्यामागे उणे चिन्ह. म्हणजे माझी बिलं चारच झाली आणि पाच टक्क्यांचा एक टक्का झाला. माझा पारा चढला. मदतीच्या नंबरावर फोन करून मी माझ्या महाडी हिंदीत त्या मुलीशी वीस मिनिटं भांडले. ती बिचारी दर वाक्याला मला मॅडम म्हणत होती आणि मी दर मॅडमला आणखी चिडत होते. ह्यांना सांगितलं, तर दुबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. हे तपास, ते तपास, अमुक दाबून बघ. शेवटी मी सासूबाईंनाच विचारलं, "आई, तुम्ही खिडकीवर पैसे भरलेत का?"

"मी कशाला भरू? तू भरतेस ना?" त्या ताडकन म्हणाल्या.

आमच्या सासूबाई साधं मीठ आहे का विचारलं तरी आधी घसा खाकरतात. त्यांनी इतक्या झटकन उत्तर दिलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण डोळ्यांवर पाच टक्क्यांची पट्टी बांधलेली.

त्या जात होत्या. बिल आधीच भरलेलं असायचं, तरी कडीतलं कागदी बिल घेऊन त्या शेवटच्या तारखेला पोलादपूरला जायच्या. खिडकीतला माणूस सांगायचा, "आजी, हे भरलंय." त्या म्हणायच्या, "मंग पुढच्या दोन बिलांचं घे." बहीण रांगेत उभी असायची आणि आपण बिलाशिवाय कशा उभ्या राहणार? कोंबडीच्या अंड्यांचे साठवलेले पैसे होते, ते असे बिलात चालले होते.

यातलं काहीच मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा उणे आलं आणि मोबाइलवर मला एक नवी सवलत दिसली. कागदी बिल बंद करा, मोबाइलवर घ्या, दर बिलामागे दहा रुपये कमी. मला वाटलं, सगळा घोळ त्या कागदानेच होतोय. माणसाला हाव सुटली की अक्कल अशीच चालते. मी अंगठ्याने दाबलं आणि कागद बंद करून टाकला.

पुढच्या महिन्यात सासूबाई रोज कडी बघत बसल्या. कधी बिल उशिराही येतं, म्हणून थांबल्या. एकदा बिलवाला वाडीत दिसला तेव्हा त्याला गाठलं, तर तो म्हणाला, "तुमचं आता मोबाइलवर येतं." कुणाच्या मोबाइलवर, ते त्याला माहीत नव्हतं. मला विचारावं तर आपण खिडकीवर भरत नाही असं त्यांनीच ठणकावून सांगितलेलं. शेवटी शेजारणीकडचं बिल मागून पाहिलं, तर तारीख आदल्याच दिवशी होऊन गेली होती.

त्याच सकाळी मला मावशींच्या मुलाचा फोन आला. माझा दीरच तो, आणि त्याची मावशी म्हणजे माझ्या सासूबाई. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "वहिनी, मावशी बरी हाय ना?"

"हो. का हो भावजी?"

"काल आई पोलादपूरला दिवसभर बसली. मावशी आली नाय. संध्याकाळी घरी आली न् जेवली नाय. म्हणते, ती गेली, तुम्ही माझ्यापासून लपवताय. मी सांगतोय तर तिला ऐकू येत नाय, लिहून दाखवावं तर वाचता येत नाय. मावशीकडं साधा फोन, व्हिडिओवर तोंड तरी कसं दाखवू?"

मशीनवर एका बाईचा ब्लाउज अर्धा शिवलेला होता, तो तसाच सोडून मी स्टँडवर गेले. दहा रुपयांच्या सवलतीसाठी मी एका म्हाताऱ्या बाईला पाठची बहीण गेल्याचं दुःख भोगायला लावलं होतं. पोलादपूरपर्यंत एसटीत मी दिरहमचा भाव एकदाही बघितला नाही, आणि ज्यांना मी माहीत आहे त्यांना हे खरं वाटणार नाही.

पोलादपूरला रिक्षा ठरवली आणि वर गेले. सासूबाई अंगणात होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चांगल्या फैलावर घेतील. त्यांनी चपला घातल्या आणि रिक्षात बसल्या. कोंबड्या मोकळ्याच राहिल्या.

वाटेत मग खिडकीवर बिल भरत राहिल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, "आई, मला सांगायचं ना एकदा."

"काय सांगू? पैसे परत मिळतात म्हणून किती हरखली व्हतीस तू. मला म्हणवंना."

मला रडूच आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, म्हणून आवरलं.

मावशी ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. रिक्षा आली ते त्यांना कळलंच नाही. सासूबाई वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या. मावशींनी वर पाहिलं. आधी त्यांनी बहिणीच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग तोच दंड धरून रडल्या. ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच वरच्या पट्टीत असतो. "कुठं व्हतीस गो?" हे अर्ध्या गावाला ऐकू गेलं.

सासूबाईंनी हवेत बोटाने बिलाएवढा चौकोन काढला आणि हात झटकला. बिल आलंच नाही. मग खांद्याला झोळी असल्यासारखं चालून दाखवलं, म्हणजे दोष बिलवाल्याचा. सुनेचं नाव नाही. मला ते सहन होईना, मी पुढे होऊन मावशींचे पाय धरले. त्यांना वाटलं मी आशीर्वाद मागतेय. त्यांनी तोंडभरून दिला आणि आत चहा ठेवायला सांगितलं.

मी कागदी बिल परत सुरू करून घेतलं आणि त्या बिलाला पुन्हा हात लावला नाही. आमचा कॅशबॅक एक टक्क्यावर आला तो आलाच. नवं बिल आलं तेव्हा शेवटच्या तारखेला मीही पोलादपूरला गेले, सगळं सुरळीत आहे ना हे बघायला. दोघी रांगेत एकीमागे एक उभ्या होत्या. सासूबाईंची पाळी आली. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, तुम्हाला काही भरायचं नाही. उलट तुमचेच पैसे जमा आहेत."

"दहा रुपये घे."

"अहो, पण कशाला?"

"घे रे. न् पावती दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या हो दादा, द्या त्यांना पावती." त्याने दहा रुपये घेतले आणि पावती छापून दिली. सासूबाईंनी आकडा बघितला, पावतीची नीट घडी घातली आणि बटव्यात ठेवली. आता त्या बिल भरायच्या कामाने आल्या होत्या.

हॉटेलात मी दोघींच्या मध्ये बसले. चहा आला, भजी आली. दोघी गप्प. मावशी माझ्याकडे बघून हसायच्या, सासूबाई मला भजी पुढे करायच्या. मी दिरहमचा भाव सांगितला, तोही त्यांनी ऐकून घेतला. दहा मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "तुझं शिवण पडलं असंल ना गो घरी?"

"नाही आई, आज काही घाई नाही."

"तरी जा तू," त्या म्हणाल्या.

मी उठले. दारातून मागे वळून पाहिलं, तर मावशींनी खुर्ची ओढून बहिणीच्या समोर घेतली होती आणि सासूबाईंचे हात चालू झाले होते.