टेबलावरचा लाल बाण

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंना बास्केटबॉलच्या मैदानावर सगळे पक्क्याताई म्हणत. गुणपत्रकावर आकडा मांडण्याआधी पंचांना "पक्कं ना?" असं विचारल्याशिवाय त्यांचं पेन हलायचंच नाही. बावीस वर्षांत त्यांच्या पत्रकावर एकदाही खाडाखोड झाली नव्हती. नाव पक्क्याताई आणि नोकरी मात्र कच्ची! चौदा वर्षं त्या कॉलेजात हंगामी होत्या. परीक्षा संपल्या की काम संपायचं, आणि कॉलेज उघडलं की कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून नव्या पत्राची वाट बघायची. प्राचार्य बदलले, बाक बदललं, वाट बघणं काही सुटलं नाही.

बहिणीची मुलगी त्याच कॉलेजात शिकायची आणि ताईंच्याच दीड खोलीत राहायची. या वर्षी मुलींची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्याच कॉलेजात भरली, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना यजमान पोरींनी थेट अंतिम सामन्यात धडक मारली. जिंकणाऱ्या संघाला वीज कंपनीत कायमची नोकरी मिळणार होती. दोघींपैकी एकीला तरी बाकावर बसायला लागू नये, एवढंच ताईंचं मागणं होतं.

"आज मला गुण मांडायच्या टेबलावर बसवू नका," त्या आयोजकांना म्हणाल्या. "माझी भाची खेळतेय."

तर पाहुण्या संघाच्या प्रशिक्षक बाईच पुढे झाल्या. "तुम्ही असाल तर आम्हाला घोर नाही हो!"

झालं! एवढा विश्वास टाकल्यावर नाही कसं म्हणणार? लोक कौतुक करकरून माणसाचे हातपाय बांधतात.

त्या टेबलावर एक लाल बाण असतो. दोन पोरींनी एकदम बॉल धरला आणि दोघीही सोडेनात, की पंच शिट्टी वाजवतात आणि बाण ज्या बाजूला असेल त्या संघाला बॉल देतात. एकदा याला, एकदा त्याला. बॉल देऊन झाला की बाण फिरवायचा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणून तेव्हाही एकदा फिरवायचा. ताईंनी मध्यंतराला तो फिरवला आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

शेवटची अकरा सेकंदं उरली होती. यजमान एका गुणाने मागे होते. भाचीने आणि समोरच्या एका दांडग्या पोरीने एकदमच बॉल पकडला. शिट्टी वाजली. पंचांनी टेबलाकडे बघितलं. बाण यजमानांच्या बाजूने होता. प्रेक्षकांनी छत डोक्यावर घेतलं.

ताईंची नजर पत्रकाच्या कडेला गेली. तिथे त्यांनी स्वतःपुरतं पेन्सिलीने लिहिलं होतं: पुढचा बॉल पाहुण्यांचा.

शेजारचे घड्याळवाले सर खुशीत कुजबुजले, "ताई, मध्यंतरात तुम्ही बाण फिरवायला विसरला होतात बरं का. मी फिरवला!"

दोनदा फिरला होता म्हणजे बाण! खेळ थांबवायच्या भोंग्याचं बटण हातापासून वीतभर लांब होतं. नियम त्यांना तोंडपाठ होता: बॉल आत येऊन कोणाचा हात लागेपर्यंत चूक सुधारता येते, त्यानंतर नाही. मागच्या खुर्चीत प्राचार्य बसले होते. शेजारच्या बाकावर पाहुण्या संघाच्या प्रशिक्षक बाई बसल्या होत्या, आणि त्यांना बाणाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. त्या जरा शंकेखोर असत्या तर किती बरं झालं असतं!

रेषेबाहेरून बॉल आत टाकायला भाचीच आली. अगदी टेबलासमोर, दोन हातांवर. पाच सेकंदांत बॉल टाकावा लागतो. पोर बॉल छातीशी धरून ताईंकडे बघत राहिली. घाबरली असेल बिचारी, ताईंना वाटलं. एक. दोन. ताईंचा हात बटणाकडे सरकला. तीन. वीज कंपनी, कायमची नोकरी. चार. हात तिथेच थांबला.

पोरीने बॉल टाकला. संघातल्या सगळ्यात उंच मुलीने तो झेलला, घड्याळ संपत येईपर्यंत खेळवला आणि वळून बास्केटकडे टाकला. जाळी हलली. भोंगा वाजला, तो सामना संपल्याचा.

सगळे मैदानात धावले. प्राचार्यांनी ताईंना म्हटलं, "तुमची पोर म्हणजे सोनं आहे!" पाहुण्या बाईंनी रडवेल्या डोळ्यांनी ताईंचा हात हातात घेतला आणि "टेबल चोख होतं," म्हणाल्या. ताईंना तिथून पळून जावंसं वाटत होतं.

भाची कपडे बदलायच्या खोलीत एकटीच बसली होती. पदक गळ्यात नव्हतं, बाकावर पडलं होतं.

"मावशी, बॉल त्यांचा होता ना?"

ताईंनी दार लावून घेतलं. "तुला काय माहीत?"

"मध्यंतराआधीच्या वेळीही बॉल मीच धरला होता. तो आपल्याला मिळाला. मग या वेळी त्यांचाच नंबर."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. जीभच उचलेना माझी." तिने नाक पुसलं. "म्हणून तर तुझ्यासमोर उभी राहिले बॉल धरून. म्हटलं, मावशी आहे, ती वाजवेल भोंगा. तुला तेवढा वेळ दिला मी."

बाहेरून फोटोसाठी दोघींनाही हाका येत होत्या.

"आता ती नोकरी घेऊ का मी? तू सांग."

"घे," ताई म्हणाल्या. पोरीच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.