वजरीच्या आड

दादाशी शेवटचं बोलणं रविवारी झालं आणि मंगळवारी पहाटे वहिनीचा फोन आला. "भावजी, लवकर या, हे उठायनात..." रिक्षानं पोचलो तोवर सगळं संपलं होतं, हृदय बंद पडलं होतं. वडीलही असेच छाती धरून गेले. आता दादा. घरात पुढचा नंबर कुणाचा, हे सांगायला ज्योतिषी नको.

दादा पाथरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सुट्टीत परभणीच्या घरी अवकाश रचायचा. जेवणाच्या टेबलावर काळी चादर, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी अवकाशयानं. अंतर मोजायची टेप आणि फासे घेऊन आम्ही दोघे पन्नाशीतले भाऊ लढाया खेळायचो. यानं विकतची, बाकी सगळं दादाच्या हातचं. करवंटीचा विझलेला ग्रह. कापसाच्या बोंडांची वाळकी टरफलं चंदेरी रंगवली की फुटक्या जहाजांचे सांगाडे तयार. आणि अवकाशात तरंगणारे दगड म्हणजे न्हाणीतली पाय घासायची वजरी! "घरात एक वजरी टिकू देईनात हे," वहिनी करवादायची. दादा मान खाली घालून रंगवत राहायचा.

दगडाआड गेलेल्या यानावर नेम धरता येत नाही, असा खेळाचा नियम. दादा इतके दगड मांडायचा की लढाई राहायची बाजूला, नुसता लपंडाव व्हायचा. मी चिडलो की म्हणायचा, "आडोसा पायजेच की रे. उघड्यावर लय भ्या वाटतंय." त्या रविवारी खेळता खेळता त्यानं डावा खांदा चोळला. वहिनीनं विचारलं तर हसून म्हणाला, "काही न्हाई, पित्त हाय." आणि यान सरकवलं दगडाआड.

परवा वहिनीनं मला टेबल आवरायला बोलावलं. चादरीवर एक वजरी अर्धीच रंगवलेली होती. राहिलेली बाजू पुरी करावी म्हणून ब्रश उचलला आणि छातीत ती कळ आली. पंधरवड्यापासून येते आहे, जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना. कुणाला बोललो नव्हतो. तपासलं तर कळेल, याचीच धास्ती. रात्री दिवा मालवायलासुद्धा भितो मी, सरळ सांगतो.

वहिनी चहा घेऊन आली, तेव्हा माझा हात खांद्यावर होता.

"काय होयलंय, भावजी?"

"काही न्हाई, पित्त हाय..."

वहिनी जागच्या जागी थिजली. कपातला चहा बशीत सांडला. माझ्या तोंडून दादाच बोलला होता, तेही हसून. मी वजरी खाली ठेवली.

"पित्त न्हाई, वहिनी. लय दिवसांपासून दुखायलंय. मला भ्या वाटायलंय."

ती रडली नाही. यानांच्या मधोमध कप ठेवला आणि म्हणाली, "उठा. चप्पल घाला."

इथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि पुढच्या तपासणीला नांदेडला जायला सांगितलं. उद्या सकाळी निघायचं आहे. वहिनी सोबत येते आहे. भीती कमी झालेली नाही... टेबल मात्र तिनं मला आवरू दिलं नाही. ती अर्धी वजरी ब्रशाशेजारी तशीच आहे. "वापस आल्यावर तुमीच रंगवा," म्हणते.