पंगतवाल्या मॅडम

मोबाइलच्या आत काय चालतं, हे आमच्या मॅडमना पंगतीचं उदाहरण दिल्याशिवाय सांगताच येत नसे. जव्हारच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही अंगणवाड्यांसाठी अ‍ॅप बनवत होतो. मुलाचं वजन भरायचं. ते फारच कमी असेल तर स्क्रीनवर लाल इशारा यायचा. मॅडमचे वडील लग्नकार्यातले आचारी. त्यामुळे ठाण्यात इतकी वर्षं प्रोग्रामिंग करून आल्या, तरी बोलण्यातली फोडणी गेली नव्हती. त्यांच्यामागे आम्ही त्यांना पंगतवाल्या मॅडम म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

"स्क्रीन म्हणजे पंगत," त्या सांगायच्या. "तिथे फिरायचं ते वाढप्यानं. आचारी कितीही मोठा असो, पातेलं घेऊन पंगतीत घुसला की सांडासांड झालीच. त्यानं वाढप्याच्या हातात द्यायचं." अ‍ॅपचंही तसंच. त्यातली कामं वेगवेगळ्या थ्रेडवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर होतात. तपासण्या, माहिती पाठवणं ही कामं मागच्या थ्रेडवर चालतात. स्क्रीनला हात लावायचा तो फक्त मुख्य थ्रेडनं; दुसऱ्यानं लावला की अ‍ॅप बंद. आम्ही माना डोलवायचो.

तक्रार फोनवर ऐकून भागवायची नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरून सेविकेचा फोन आला, की अ‍ॅप मध्येच बंद पडतं. फोन स्वस्तातला असेल, रेंज नसेल, हे आमचे ठरलेले मंत्र म्हणून झाले. मॅडम मात्र दुसऱ्या सकाळी मला घेऊन एसटीत बसल्या.

"ताई, धडधाकट पोरांना बरा चालतो," सेविका म्हणाली. "रोड पोर काट्यावर ठेवला का बंदच पडतो. फोनलाच बघवत नसंल."

मॅडमचा चेहरा उतरला. "अरे, इशारा अशाच मुलांना येतो ना! मागचा थ्रेड वजन तपासतो आणि इशाराही स्वतःच दाखवायला धावतो. आचारी पंगतीत घुसलाय." ज्या मुलांसाठी अ‍ॅप बनवलं, नेमकी तीच त्यातून निसटत होती. सेविकेचं वाक्य तर मीही ऐकलं होतं. त्यातून अ‍ॅपमधली चूक त्यांना एका क्षणात दिसली.

समोर आईच्या मांडीवर एक मुलगी होती. तिला रडायचंही त्राण नव्हतं. मॅडमनी उंबऱ्यावरच लॅपटॉप उघडला, इशारा दाखवायचं काम मुख्य थ्रेडकडे सोपवलं आणि केबल लावून सेविकेच्या फोनवर नवं अ‍ॅप चढवलं. मुलीला पुन्हा काट्यावर ठेवलं. लाल चौकट आली आणि टिकली. मी आनंदानं टाळी वाजवली.

"टाळ्या कसल्या पिटतोस? गाडी बोलाव," मॅडम म्हणाल्या.

"घरी दोन पोरं हायेत, ताई. कशी येऊ?" आई कचरत होती.

"पोरांना मी बघते, तू जा," सेविका म्हणाली.

मॅडम गाडीत मुलीच्या आईशेजारी बसल्या, आणि मुलगी दूध मागेपर्यंत जव्हारच्या दवाखान्यातून हलल्या नाहीत. प्रोग्रामरचं काम कुठं संपतं, याची माझी कल्पना त्या दिवशी साफ मोडली. एवढं मोठं माणूस आपल्या शेजारच्या खुर्चीत बसतं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

मध्ये बरीच वर्षं लोटली. गेल्या वर्षी मॅडम आजारानं गेल्या. सेविकेला सांगायला मी पाड्यावर गेलो. तिनं पदरानं डोळे पुसले. अंगणात पोरी लंगडी खेळत होत्या, धापा टाकत, भांडत. त्यांतली, तेव्हा रडायचंही त्राण नसलेली ती मुलगी कोणती, हे मी बराच वेळ शोधत होतो. मला ओळखू आली नाही.