तू जरा पुढे सरक

आमची बोट वाऱ्याच्या विरुद्ध जात नाही, हे कळायलाच आम्हाला अख्खा हिवाळा लागला. गिरगाव चौपाटीवरून निघायचं मलबार हिलच्या टोकाकडे, जिकडून वारा येतो तिकडेच, आणि पोचायचं नरिमन पॉइंटच्या बाजूला. मला आधी वाटलं, ह्यांना दिशाच कळत नाही.

छोटं कॅटमरान म्हणजे दोन निमुळत्या होड्या, मध्ये ताणलेली जाळी आणि वर शीड. जाळीवर आम्ही दोघं, अगदी मागे, सुकाणूपाशी खेटून. ह्यांनी निवृत्तीनंतर हे जुनं धूड घेतलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. पण मुलगी परदेशी गेल्यापासून घरात आमचं बोलणं "जेवायला वाढू?"च्या पुढे जात नव्हतं, आणि बोटीवर हे घडाघडा बोलायचे. ऑफिसात गिळलेले अपमान, लहानपणीची भीती, मला इतक्या वर्षांत कधीच न सांगितलेलं. त्यासाठी मी खारं पाणी नाकातोंडात घेत होते.

मग एकदा हे म्हणाले, "या रविवारी टोक गाठलं नाही तर बोट विकून टाकू." बोट गेली की बोलणंही गेलं, म्हणून मी दिसेल त्याला विचारत सुटले. किनाऱ्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे शीड घट्ट ओढा, दुसरा म्हणे सैल सोडा. एक म्हणे तोंड वाऱ्याकडे ठेवा, दुसरा म्हणे थोडं फिरवा, आधी वेग घ्या. माझं डोकं पार भंजाळलं. जिथे जायचं तिकडे सरळ तोंड केलं की पोचता येत नाही, हा कुठला न्याय?

रविवारी निम्म्या वाटेत ह्यांनी मागे वळून पाहिलं. दोन्ही होड्यांची मागची टोकं पाण्यात बुडून नुसता फेस काढत होती.

"अगं, आपणच हिला मागे दाबतोय! तू जरा पुढे सरक. अजून. डोलकाठीपाशी."

मी सरकले आणि बोट अशी सुटली की मी ओरडलेच. हेही काहीतरी बोलले, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?"

"काही नाही, हलू नकोस!"

टोक गाठलं. आता बोट विकायची नव्हती, पण टोक गाठायचं तर मी डोलकाठीपाशी, हे सुकाणूपाशी आणि मध्ये वारा. मला हसू येतंय की रडू, तेच समजेना.

परतताना वारा पाठीशी होता. "आता कुठेही बस, चालेल," हे म्हणाले. मी लगेच मागे जाऊन ह्यांना खेटून बसले. हे शिडाकडे बघत, पुढच्या वेळी आणखी काय सुधारता येईल ते सांगत होते. किनारा येईपर्यंत तेवढंच बोलले.