एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आर्वीच्या मुलींच्या शाळेत माझी आत्या गणित शिकवायची. पन्नासचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा मला मॅट्रिकसाठी तिच्याकडे ठेवलं. तिनं लग्न केलं नव्हतं. दुपारी शाळेतून आली, की ओसरीवर पाटी घेऊन बसायची आणि एकच संख्या लिहायची. १४२८५७.

"हिले दोननं गुण," पहिल्याच दिवशी ती म्हणाली.

मी गुणलं. २८५७१४.

"आता तीननं."

४२८५७१. तेच सहा आकडे, फक्त जागा बदललेल्या. चारनं, पाचनं, सहानं गुणलं, तरी तेच. सातनं गुणलं तेव्हा मात्र ओळीनं सहा नऊ आले, ९९९९९९. सगळे आकडे एकदम नाहीसे झालेले पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"काऊन भेली वं?" आत्या हसली. "सहापर्यंत दुसरा आकडा आत येतच नाई. आला तर समज, आपलं चुकलं."

रोज ती हे गुणाकार करायची, कोणी जप करावा तसे. ऊन तापायला लागलं तेव्हापासून तिचं कपाळ दुखायचं. एका दुपारी पाचच्या गुणाकारात तिनं ७१४२८६ लिहिलं.

"आत्या, इथं सहा आलाय."

"कुठं?" तिनं पाटीवर बोट ठेवलं. ते आकड्यांच्या खाली, कोऱ्या जागेवर पडलं. "पुसून टाक. अन् कोणाले सांगू नको."

मी पुसलं. तिची नोकरी गेली, तर माझं शिक्षणही जाईल, हा विचार तेव्हा मनात होता. आठवड्यानं पाटीवर तीनचा आकडा आला. तो मी तिनं पाहायच्या आत पुसला. नंतर मुलींच्या वह्या ती तपासायची आणि तिच्यामागून मी. बरोबर उत्तरावर तिनं मारलेली फुली खोडून मी बरोबरची खूण करायची.

एका सकाळी मला आत्याच्या वर्गातून बोलावणं आलं. आत्या फळ्याकडे तोंड करून उभी होती. आकड्यांची ओळ तिरकी होत होत फळ्याच्या चौकटीवर गेली होती, आणि ती चौकटीवरही लिहीतच होती.

वडील येऊन तिला नागपूरला घेऊन गेले. मीही गेले. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ आहे. "हे कधीपासून?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"आजच," मी म्हणाले.

दिवाळीच्या आधी आत्या गेली. शेवटी तिला दिसतही नव्हतं.

मी शिक्षिका झाल्यावर एकदा वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"मले माईत होतं," ते म्हणाले. "डॉक्टरनं पुसलं अन् तू 'आजच' म्हटलं, तवाच समजलं होतं."