ओढ्याच्या वाटेवर आडवी फांदी

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की तोंडावर हसणारी बाई मी. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घेते, असल्या गोष्टींना वेळ कुणाला? त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण मनात ठेवून जीव गुदमरतो… म्हणून लिहिते.

नेकनूरहून लिंबागणेशकडे जाताना खालच्या अंगाला वनखात्याचं रान आहे. बोरी, बाभळी, पळस, मधूनमधून लिंब. संस्थेतले आम्ही काहीजण रविवारी सकाळी तिथं चालायला जायचो. नुसतं चालायला नाही, वाटेतले काटे तोडायचे, खचलेल्या कडेला दगड रचायचे. ही आयडिया आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या घरधन्याची. कोयता घेऊन ते सगळ्यांच्या पुढं. वाट फुटली की चुकीच्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायचे, वर एक दगड, आणि शेंडा बरोबर वाटेकडं वळवलेला. शेवटच्या माणसानं ती उचलून फेकायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुराखी गोंधळतात. शेवटची नेहमी मीच, बोलत बोलत रेंगाळायची सवय!

त्या साली पाऊसच नाही. गुरं चारा-छावणीत, संस्थेचे कॅन रिकामे. हाताला काम नाही म्हणून मालक एकटेच वाट नीट करायला जायला लागले. "लई ऊन हाय, नका जाऊ," म्हटलं, तर म्हणाले, "आगं, दुपारच्या आत येतो की."

आले नाहीत. ओढ्यात ऊन लागून पडलेले सापडले. मला तिथं कुणी नेलंच नाही, त्यांनाच थेट अंगणात आणून निजवलं. ते कुठं पडले, सावली होती का, ती जागा मला एकदा बघायची होती. दुसरं काही नको होतं हो मला!

शेवटी मी हट्टच धरला. ग्रुपमधले म्हातारे भागवतनाना म्हणाले, "सूनबाई, मी संगं येतो. पन रडायचं न्हाई."

सकाळी निघालो. पहिल्याच फाट्यावर फांदी. लिंबाची, हिरवीगार. वर दगड. शेंडा आमच्या वाटेकडं.

"नाना, पुढं कोन गेलंय?"

"कोनी न्हाई. ह्या फुफाट्यात पाऊल दिसतंय का कुनाचं?"

खरंच नव्हतं. आणि त्या रानात हिरवं पान उरलं नव्हतं, लिंबाचे शेंडेसुद्धा लोकांनी शेळ्यांसाठी ओरबाडून नेलेले. सवयीनं मी ती फांदी उचलली. तोडलेली जागा बोटाला ओली लागली. पुढच्या फाट्यावर परत तशीच! मग मी चालले नाही, पळत सुटले. वाटलं, त्या वळणावर पाठमोरे दिसतील… नाना मागून हाका मारत होते.

ओढ्याचा फाटा आला. एक वाट गावाकडं वळते, एक खाली ओढ्यात उतरते. फांदी ओढ्याच्या वाटेवर आडवी होती.

माझं डोकंच फिरलं. "साऱ्या जगाला वाट दाखवता, अन् माझीच अडवता व्हय? बघू द्या की एकदा!" घसा फाटेस्तोवर ओरडले. मागून येऊन पोचलेले नाना भुईवर बसून पंच्यानं डोळे पुसत होते—मला रडू नको म्हणणारे! मी फांदीला हात घातला. उचलवेना. जड नव्हती हो… हातच वर येईना. त्यांनी बंद केलेल्या वाटेनं मी कधी गेलेच नव्हते. तिथंच बसून पोटभर रडले आणि नानांच्या मागं घरी आले.

नाना म्हणतात, गुराख्यानं टाकली असेल. गुरं छावणीत, मग रानात गुराखी कुठला? वनखात्याच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला तिकडं कुणी फिरकलंच नाही. आज इतकी वर्षं झाली, मला काहीच सांगता येत नाही. ती जागाही मी अजून बघितलेली नाही.

लोक विचारतात, भीती नाही वाटली? भीती कसली! राग आला. फांदी ओली होती म्हणजे ते पुढं थोड्याच अंतरावर असणार. माझं ओरडणं ऐकू गेलंच असेल. मग एकदा मागं वळून तोंड तरी दाखवायचं होतं ना.