लख्ख आजी आणि पुसलेला सेन्सर

आजूबाजूचे सगळे त्यांना लख्ख आजी म्हणत, आणि ते कौतुकानंच म्हणतात अशी आजींची ठाम समजूत होती. पाहुणा चहाचा शेवटचा घोट घेईपर्यंत त्या कसाबसा दम धरत. कप खाली टेकला की तो धुतला गेलाच म्हणून समजा. मुलगा वर्तमानपत्र बाजूला ठेवून पाणी प्यायला उठला, तर तो परत येईपर्यंत ते घडी होऊन रद्दीत गेलेलं असे. कुठे धुळीचा कण दिसला की आजींचे हात शिवशिवायला लागत.

अशा घरात सुनेनं सेन्सर आणून ठेवला. तिचंही चुकलंच, पण बिचारी दुसरीकडे ठेवणार कुठे? सून पोहण्याच्या तलावावर कामाला होती. तिथं पाण्यात मीठ घालतात आणि एक यंत्र त्या मिठापासूनच क्लोरीन तयार करतं. पाण्याचा नूर काय आहे, हे त्या यंत्राला सेन्सर सांगतात. त्यातला हा एक वीतभर लांब, टोकाला काचेची इवलीशी गोळी असलेला. त्याची सगळी उस्तवार सुनेकडे. मऊ ब्रशनं साफ करायचा, ठरावीक द्रावणात बुडवून आकडा बरोबर दाखवतोय ना ते पाहायचं, आणि बाहेर काढून ठेवला तर ती गोळी कायम ओली ठेवायची. सुकली की सेन्सर काहीबाही बरळायला लागतो. म्हणून त्याच्या झाकणात खारं पाणी भरून ठेवतात. तलावाच्या फरश्या बदलायचं काम निघालं, यंत्राच्या खोलीत सगळा धुरळा झाला, म्हणून ती त्याला घरी घेऊन आली.

"आई, याला तेवढा हात लावू नका हं," ती म्हणाली.

आजींनी हात लावलाच नाही. फडक्यानं धरला. झाकणातलं पिवळट, गढूळ पाणी बघून त्यांना शिसारी आली. ते त्यांनी मोरीत ओतलं, झाकण खसाखसा घासलं, काचेची गोळी कोरड्या फडक्यानं चकचकीत पुसली, सगळं खिडकीत उन्हाला ठेवलं आणि वाळल्यावर जिथल्या तिथे ठेवून दिलं. सुनेनं बघून कौतुकानं चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटत होतं, पण तलाव उघडायच्या दिवशी ती घाईत तो तसाच पिशवीत टाकून गेली.

त्या दिवशी आजीही तलावावर हजर होत्या. गुडघे दुखणाऱ्यांचा पाण्यातल्या व्यायामाचा एक वर्ग तिथं चाले, आणि त्यात सगळ्यात जास्त पाणी उडवणाऱ्या म्हणजे आजी. पोहण्याचा पोशाख, डोक्यावर रबरी टोपी, खांद्यावर टॉवेल अशा थाटात मंडळी काठावर ताटकळत उभी होती, पण कुणाला पाण्यात उतरू देईनात.

"सेन्सर बिघडलाय म्हणे," शेजारच्या बाईंनी बातमी पुरवली. "कोरडा ठणठणीत पडला. आकडा ठरतच नाही."

मोरीत ओतलेलं पिवळट पाणी आजींना आठवलं. त्या हळूच मॅनेजरच्या अर्धवट उघड्या दाराशी सरकल्या.

"हा शुद्ध निष्काळजीपणा आहे," मॅनेजर सुनेला सुनावत होता. "तुमचा करार याच महिन्यात संपतोय. पुढे वाढवायचा की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

आता ही आपलं नाव घेणार, हे आजींनी गृहीतच धरलं. आपण काय उत्तर द्यायचं, याचीही त्यांनी मनात जुळवाजुळव केली.

"झाकणात पाणी भरायचं माझ्याकडून राहिलं, सर," सून म्हणाली.

जन्मभर आजींनी दुसऱ्यांचं सांडलेलं पुसलं होतं, पण त्यांचं सांडलेलं कुणी निस्तरल्याचं त्यांना आठवेना. फार बरं वाटलं. आणि त्याहून जास्त लाज वाटली.

टॉवेल सावरत त्या तडक आत शिरल्या. "धादांत खोटं बोलतेय ही. पाणी मी ओतलं. गोळीही मीच पुसली. ही नको म्हणाली होती, तरी."

मॅनेजर रबरी टोपीतल्या त्या अवताराकडे बघतच राहिला. "पण का?"

"घाणेरडं होतं."

वर्ग एक दिवस पुढे ढकलून मॅनेजरनं विषय तेवढ्यापुरता मिटवला.

सुनेनं सेन्सर घरी आणून एका पेल्यात खाऱ्या द्रावणात भिजत घातला. गोळी शुद्धीवर आली तर आली, नाहीतर नवा मागवावा लागणार होता. संध्याकाळभर तो पेला ओट्यावर होता आणि आजी समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुलाला त्यांनी तिथला चमचासुद्धा उचलू दिला नाही. दुसऱ्या दिवशी आकडा बराच वेळ डगमगला, मग ठरला. यंत्र सुरू झालं, आणि दुपारी गुडघेवाली मंडळी एकदाची पाण्यात उतरली. मॅनेजरनं कराराचा कागद सुनेपुढे सरकवला, पण सेन्सर पुन्हा घरी न्यायचा नाही अशी तंबी देऊनच.

काठावर बसून बाटलीत पाण्याचा नमुना भरताना सुनेनं विचारलं, "आई, काल मध्ये कशाला पडलात? मी निभावून नेलं असतं की."

आजी कठड्याला धरून जोरजोरात पाय मारत होत्या. त्या थांबल्या.

"माझ्या सुनेला निष्काळजी म्हणणारा तो कोण टिकोजी लागून गेला? ते मी म्हणेन. रोज म्हणतेच."